माघारी आलेली पानं

सोपानरावांच्या घरात 'माघारी' हा शब्द सहसा कुणी उच्चारत नसे. धंदा फुलांचा. दव सुकलं की शेवंती तोडायची, क्रेटात भरायची, सांजच्याला टेम्पो भांडगाव फाट्यावर आला की चढवायची. एकदा पुण्याच्या मार्केटात उतरली की ती आपली नाही, आडत्याची. पण भिजका माल आडत्या उतरवूनच घेत नाही. टेम्पोवाल्याच्या हाती तसाच परत धाडतो. मग सकाळी फाट्यावर ते काळे पडलेले क्रेट उतरवताना, एरवी ज्याला मान वर करायला सवड नसते त्यालाही तेवढ्यापुरती सवड मिळते. वाईट कुणी बोलत नाही. नुसतं विचारतात, "काय सोपानराव, आज वझं दिसतंय?" तेवढ्यात सगळं आलं.

दोन हजार आठ साली दसरा होऊन गेला तरी पाऊस हलेना. दुपारपर्यंत कडक ऊन, आणि तोडणी अर्ध्यात आली की यवतकडून अंधारून यायचं. शेवंती पाकळ्यांत पाणी धरते. वरून टवटवीत दिसते, क्रेटात रात्र काढली की आतून सडते. त्या महिन्यात सोपानरावांचे क्रेट बऱ्याचदा माघारी आले होते आणि सोपानराव अंगानं निम्मे झाले होते. बोलायचे तर मूळचेच कमी.

अशा दिवसांत त्यांची धाकटी, नकुशी, दौंडहून छापलेली दोन पानं घेऊन आली. तिसरी मुलगी म्हणून आजीनं नाव ठेवलं नकुशी. आजी गेली, नाव राहिलं. बारावी होऊन वर्ष झालं होतं. थोरल्या बहिणीच्या लग्नात डी.एड.चा अर्ज राहून गेला, तो पुढच्या जूनला भरायचा, असं तिचं म्हणणं. घराचं म्हणणं अजून ठरायचं होतं.

"काय म्हनल्या मॅडम?" जाईबाईंनी चुलीपुढून विचारलं.

"माघारी धाडलंय," नकुशी म्हणाली.

ती हसत म्हणाली होती. पण हसणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, शब्द राहिला. ओसरीवर पाय चोळत बसलेल्या सोपानरावांचा हात थांबला.

मॅडम म्हणजे करुणा गायकवाड. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली बाई. वडील गँगमन होते. गावातल्या ज्युनिअर कॉलेजात तासावर मराठी शिकवायची. मग मेळघाटाकडच्या एका आश्रमशाळेत कायम नोकरी लागली आणि गेली. जाताना चार मुलींना सायबर कॅफेत नेऊन मेलचा पत्ता काढून दिला. म्हणाली, "घरी बसलात तरी लिहीत राहा. टाईप करा, मला पाठवा. मी वाचीन, कडेला लिहीन, परत पाठवीन. तुम्ही सुधारून पुन्हा पाठवायचं. मार्क मात्र देणार नाही. मार्क दिले की पोरी तेवढंच वाचतात." चौघींतल्या दोघींची लग्नं झाली. तिसरीला मार्क नसल्यावर गोडी वाटेना. उरली नकुशी.

पहिल्यांदा पाठवलं तेव्हा तिकडं मॅडमच्या कॉम्प्युटरवर सगळ्या अक्षरांच्या चौकोनी डब्या झाल्या. कॅफेच्या विनोदनं दुसरा फाँट टाकून दिला, मग पोचलं. विषय मॅडमनं दिलाच नव्हता. नकुशीनं 'आमचा मळा' लिहिला. 'आमचा मळा फार सुंदर आहे. पिवळी फुले वाऱ्यावर आनंदाने डोलतात.' गाईडात असंच असतं. आठवड्यानं फाईल परत आली ती कडेला लाल रेघांचे फुगे घेऊन. पहिल्या फुग्यात विचारलं होतं: 'तोडताना तू फुलाकडे बघतेस की देठाकडे?' दुसऱ्यात: 'आनंदाने डोलतात हे तुला कुणी सांगितलं?'

नकुशीला आधी राग आला. मग दुसऱ्या दिवशी तोडणीत ती एकाएकी थांबली. ती देठाकडेच बघत होती. देठाशी बोटाचं नख लावून खाली मोडायचं, की फूल आपोआप तळहातात येतं. फूल कसं दिसतं ते क्रेटात पडेपर्यंत कळतही नाही. इतकी वर्षं फुलं तोडली आणि फूल पाहिलंच नव्हतं.

"काय गं, इच्चू चावला का?" आई पलीकडच्या सरीतून म्हणाली.

"न्हाई. देठ बघती."

"देठ बघाया येक दिस सुट्टी घी. आत्ता हात चालव."

तिनं पुन्हा लिहिलं. देठ आला, नखात बसलेला हिरवा रंग आला, जेवताना भाकरीला लागणारी त्याची कडू चव आली. दुसऱ्यांदा फुगे कमी झाले नाहीत, नुसते जागा बदलून आले. 'आता तुझे हात दिसले. आई दिसत नाही. ती कशी वाकते?' नकुशी आईकडे बघायला लागली. आई कमरेत वाकतच नव्हती. एक गुडघा जमिनीला टेकवून सरकायची, आणि सरीच्या टोकाला उठताना शेजारच्या झाडाला हात न लावता स्वतःच्याच मांडीवर जोर देऊन उठायची, झाड हलून फूल पडू नये म्हणून. हे नकुशी जन्मल्यापासून चाललं असावं. तेही लिहिलं, धाडलं, आणि वाट बघत बसली.

वाट बघणं हा तिचा आता निम्मा उद्योग झाला होता. तिकडं लाईट नसते, मॅडम आठवड्यातून एकदा तालुक्याला येतात तेव्हाच मेल बघतात, हे तिला ठाऊक होतं. तरी सकाळी पहिला क्रेट भरताना तिला वाटायचं, आत्ता वाचत असतील. घरात तिला विचारलं जायचं ते जेवलीस का, पंपाची लाईट आली का, कडबा टाकला का. ही सगळी विचारपूसच, पण उत्तर हो की नाही एवढंच लागायचं. मॅडमच्या प्रश्नाला हो म्हणून भागत नसे. एखाद्या प्रश्नाला चार दिवस घालावे लागत. असे चार दिवस कुणी आपल्याकडे मागितले होते, याचं तिला अप्रूप होतं. ती लाल फुग्यांची वाट बघायची.

आणि आज तिसऱ्यांदा पानं परत आली होती.

"कुठं चुकलं म्हनायचं?" सोपानरावांनी विचारलं.

"चुकलं न्हाई आबा. इचारलंय."

"गिऱ्हाईक लई इचारतं तवा त्याला घ्यायचं नसतं," सोपानराव म्हणाले आणि उठून पंपाकडे गेले. त्यांच्या मनात पानांचा आणि क्रेटांचा हिशेब तिथंच एका ओळीत बसला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा हौसराव आले. हौसराव म्हणजे सोपानरावांचे चुलतभाऊ, नकुशीचे आप्पा. दुसऱ्याच्या घरचा चहा ते फुकट पीत नसत, बदल्यात एखादं स्थळ नाहीतर एखादी बातमी द्यायचे. या वेळी स्थळ आणलं होतं, इनामगावचं. घोड नदीच्या कडेला ऊस, पोरगा कंपनीत कामाला, स्वतःची मोटारसायकल.

"तुळशीचं लगीन झालं की बघाया येत्यात," हौसराव म्हणाले. "म्या सांगितलंय, पोरगी कामाला वाघ हाय."

"तिला पुण्याला डी.एड. करायचंय," सोपानराव हळूच म्हणाले.

"कोन म्हनतं?"

"तिच्या मॅडम."

"कोन मॅडम?"

"गायकवाड," आतून नकुशी म्हणाली.

"गायकवाड म्हंजी कुठलं गायकवाड?" हौसरावांनी बशी खाली ठेवली. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी असं विचारलं.

"मराठीचे," नकुशी म्हणाली.

हौसरावांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मग कोनाड्यातली पानं उचलली. वाचता येत होतं, पण वाचायची गरज नव्हती. विनोदनं रंगीत छापून दिली होती. "आयला, निम्मं तर लाल हाय. किती येळा माघारी आलं हे?"

"तीनदा," जाईबाई म्हणाल्या. त्यांना लपवायचं सुचलं नाही.

"तीनदा माघारी आल्यालं," हौसराव सोपानरावांना समजावून सांगावं तसं म्हणाले. "जिनं शिकवलं तीच उतरवून घीना. आन् तू म्हनतोस पुण्याला धाडायची. तिथं कोन घील?"

सोपानरावांनी मान खाली घातली. फाट्यावर क्रेट उतरवताना घालत तशीच. मग ते म्हणाले, "येकदा. तुळशीच्या लग्नापातूर येकदा जरी मॅडमनं घेतलं, माघारी न धाडता, तर पुण्याला धाडनार. न्हाई घेतलं तर इनामगावच्यांना सांग, या म्हनून."

"शब्द?"

"शब्द."

नकुशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला सांगता आलं असतं की आबा, परत येणं हेच तर घेणं आहे. पण हे वाक्य आबांच्या भाषेत कसं म्हणायचं ते तिला जमेना. भांडगावात ते कुणालाच जमलं नसतं. तिनं पानं उचलली. तिसऱ्या खेपेच्या शेवटच्या फुग्यात प्रश्न होता: 'वडील फक्त क्रेट उचलताना दिसतात. ते गप्प असतात तेव्हा काय करतात?'

तिला उत्तर येत नव्हतं. तिनं आठवडाभर बघितलं. आबा गप्प असले की गप्पच असायचे. शेवटी तिनं 'वडील कष्टाळू व शांत स्वभावाचे आहेत' असं लिहिलं. टाईप करतानाच तिला कळलं की हे डोलणाऱ्या फुलांपैकीच आहे, तरी पाठवलं. तुळशीचं लग्न जवळ आलं होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी सोपानरावांनी एम-एटी काढली. "फवारायचं औषध आनतो," जाईबाईंना म्हणाले. औषध चौफुल्यावर मिळतं. तरी ते चौफुला, वरवंड, पाटस करत दौंडला गेले.

सायबर कॅफे स्टेशनच्या रस्त्याला होता. दारात चपलांचा ढीग. सोपानरावांनीही चपला काढल्या. पायाला मळ्यातला चिखल वाळून बसलेला होता, आत पांढरी फरशी. ते पायपुसण्यावर उभे राहिले ते पुढं सरकेनात.

"या ना काका, बसा," विनोद म्हणाला.

"बसत न्हाई. नकुशीच्या मॅडमला येक निरोप धाडायचा हुता."

"तिच्या मेलवरून पाठवू का?"

"तिला कळाया नगं."

विनोदनं आपलाच मेल उघडला. पलीकडं दोन पोरं गाडीची गेम खेळत होती, त्यांनी मान वळवून बघितलं आणि नाकाला हात लावला. सोपानरावांच्या शर्टाला सडक्या शेवंतीचा वास होता. त्या सकाळीही क्रेट माघारी आले होते. "सांगा," विनोद म्हणाला.

सोपानरावांनी टोपी काढून हातात घेतली. कॉम्प्युटरपुढं टोपी काढणारा माणूस विनोदनं पहिल्यांदाच पाहिला.

"लिव्ह. मॅडम, नमस्कार. मी सोपान, नकुशीचा बाप." ते थांबले. "लिव्हलं? पोरीनं धाडल्याला माल भिजका न्हाई. म्या डोळ्यानं बघितलंय, ती रोज त्याच्यावर बसती. तुमी येवढ्या येळंला उतरवून घ्या. पुढच्या टायमाला पायजे तेवढं काढा, माझं काय म्हननं न्हाई. पर येवढ्या येळंला माघारी धाडू नगा. तिचं शिक्षान त्याच्यावर हाय. म्या भावाला शब्द दिऊन बसलोय."

गेम खेळणारं एक पोरगं हसलं. विनोदनं त्याच्याकडे बघितलं, तसं ते गप्प झालं.

"अजून काही?"

"आडत्याला म्या कवा असं म्हनलो न्हाई," सोपानराव म्हणाले. मग घाईनं म्हणाले, "हे लिव्हू नगंस."

ते बाहेर पडले, चपला हातात घेऊनच गाडीपर्यंत गेले. औषध आणायचं विसरले. जाईबाईंनी विचारलं तर म्हणाले, संपलंय.

पुढच्या आठवड्यात नकुशी दौंडला गेली. लाईट गेलेली होती, इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू. मॅडमचं उत्तर आलेलं होतं. तिनं फाईल उघडली आणि कडेला बघितलं. कडा कोरी. तिनं खाली सरकवून बघितलं, पुन्हा वर नेलं. एकही फुगा नव्हता. 'वडील कष्टाळू व शांत स्वभावाचे आहेत' हे वाक्यसुद्धा जागच्या जागी, त्याला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. शेवटी एक ओळ: 'उत्तम लिहिलं आहेस. सुधारण्यासारखं काही नाही. वडिलांना दाखव.'

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. लग्न टळलं होतं. जूनमध्ये पुणं होतं. हे सगळं तिला कळत होतं, आणि तरी एखाद्या ओळखीच्या घराचं दार वाजवावं आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं झालं.

"विनोददादा, हे मॅडमनीच लिव्हलंय ना?"

"दुसरं कोण लिहिणार?" विनोद म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. सांगू नको म्हटलेली गोष्ट पोटात राहणाऱ्यांतला तो नव्हता, आणि दुकान चालवायचं तर तसं असून चालतही नाही. "काका येऊन गेले होते. मॅडमना निरोप टाईप करायला लावला. खुर्चीवर बसलेच नाहीत बघ, पायपुसण्यावरच. टोपी काढून उभे."

"टोपी काढून?"

"हातात धरून."

नकुशीनं पान छापून घेतलं. पाटसपर्यंत सहा आसनी रिक्षात ती बाहेर बघत राहिली. घरी आली तेव्हा सोपानराव गोठ्यापुढं उभे होते. त्यांनी विचारलं नाही. तिनं पान पुढं केलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. लाल कुठं दिसलं नाही.

"उतरलं?"

"उतरलं, आबा."

सोपानरावांनी टोपी मागं सरकवली, उगाच गाईच्या पाठीवर थाप मारली. मग आतल्या बाजूला ओरडून म्हणाले, "अगं, ऐकलंस का, मॅडमनं घेतलं." त्या आवाजात ते घरात कधी बोलले नव्हते. जाईबाई हात पुसत बाहेर आल्या, पान बघून म्हणाल्या, "किती सोच्छ हाय." त्या संध्याकाळी सोपानराव पान घडी करून खिशात घालून हौसरावांकडे गेले. चहा हौसरावांच्या घरचा झाला, बातमी सोपानरावांनी दिली. हौसराव एवढंच म्हणाले, "बघ बाबा. इनामगावचं स्थळ काय थांबत न्हाई." पण शब्द होता.

नकुशीला आबांकडे रागावून बघायचं होतं. जमलं नाही. टोपी काढून उभे, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या घरात तिचं काम झालं होतं आणि तिच्याइतकं रिकामं कुणी नव्हतं. तोडणीत हात चालायचे, मनात कुणी काही विचारत नव्हतं. चार दिवस तिनं असे काढले. पाचव्या दिवशी तिनं ते वाक्य खोडलं. कष्टाळू व शांत स्वभावाचे. त्या जागी लिहिलं: 'आबा गप्प असले की एम-एटी काढतात. औषध आणतो म्हणतात आणि औषध आणत नाहीत.' मग पुढचं येत गेलं, कॅफेच्या पायपुसण्यापर्यंत.

तुळशीचं लग्न झालं, पाऊसही थांबला. सोपानरावांचे क्रेट मार्केटात नीट उतरायला लागले. एका सकाळी नकुशी म्हणाली, "आबा, दौंडला जायाचंय मला."

"आता कशापायी?"

"काम हाय."

त्यांनी गाडी काढली. कॅफेत ते आत आले नाहीत, पायरीवर बसून राहिले. चपला ओळीत लावून ठेवल्या, स्वतःच्याच नाही, इतरांच्याही. आत नकुशीनं पान टाईप केलं, जोडलं, आणि वर मॅडमना दोनच वाक्यं लिहिली: 'आबांचं काम झालं. आता माझं बघा.' पाठवलं आणि बाहेर आली.

"काय केलंस?"

"धाडलं."

सोपानराव पायरीवरून उठता उठता थांबले. "काय? उतरल्यालाच माल पुन्यांदा?"

"त्यो तुमचा उतरला, आबा. माझा अजून न्हाई."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. विनोदच्या दुकानाकडे पाहिलं. मग किक मारायला लागले. एम-एटीनं तीन-चार किका खाल्ल्या. गाडी चालू झाली तरी ते निघेनात.

"माघारी आलं तर?"

"मला तेच पायजे."

"हौसरावाला कळलं तर?"

"नगा सांगू त्यांना."

ती मागं बसली. कुरकुंभच्या बाजूनं धुराचा पट्टा वर चढत होता, पाटसच्या रस्त्याला ऊन चांगलं तापलं होतं. थोडं पुढं गेल्यावर सोपानरावांनी मान न वळवता विचारलं, "येवढं काय इचारत असती गं ती बाई?"

"लई इचारती."

"माज्याबद्दल बी?"

"व्हय."

"काय?"

"तुमी गप असता तवा काय करता."

सोपानरावांनी गाडीचा वेग कमी केला. नकुशीला वाटलं, बोलतील. तिनं कान पुढं केला. वरवंड मागं पडलं, चौफुला आला, औषधाचं दुकान गेलं. ते काहीच बोलले नाहीत, आणि ती त्यांच्या मानेकडे बघत राहिली.